साडूभाऊंचं आभाळ

आमच्या साडूभाऊंइतका आभाळाचा अभ्यास केलेला आणि आभाळाकडे एकदाही न पाहिलेला माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुसरा नसेल. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात ते बसतात, तेही खिडकीकडे पाठ करून. समोर रडारचं चित्र, शेजारी वरच्या गावांतल्या पर्जन्यमापकांचे आकडे, हातात फोन. सरी आत येऊन मान भिजली तरी पडद्यावर हिरवा ठिपका उमटेपर्यंत ते त्याला पाऊस म्हणत नाहीत. उन्हाळ्यात एकदा आमच्या मेहुणीनं विचारलं, गच्चीवर पापड घालू का. "पावसाची शक्यता साठ टक्के," साडूभाऊ म्हणाले. "मग चाळीस टक्के पापड टाकू का?" या प्रस्तावावर त्यांनी खरोखर विचार केला.

मागच्या वर्षी त्यांच्या सल्ल्यावरून शनवारा भागातला भाजीबाजार भरदुपारी उठवला गेला आणि संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून भाजीवाल्या मेथी देताना विचारतात, "साहेब, आज बसू का घरी जाऊ?" हा किस्सा मी प्रत्येक लग्नात, थोडा वाढवूनच, सांगत आलो आहे.

यंदा पावसाळ्यात माझ्या नातवाच्या नवसाचं जेवण जसोंडीला मळ्यात ठेवलं होतं. पलीकडे वरण-बट्टी तयार, अलीकडे आम्ही गाडीभर माणसं, आणि मधल्या नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या फरशी-पुलावर, आडवा बांबू. नाल्यात घोटाभर पाणी, वर कडक ऊन. "ऊपर से ऑर्डर है, अंकल," शिपाई म्हणाला. ऑर्डर कुणाच्या सल्ल्यानं निघाली असेल हे गाडीतल्या सगळ्यांना कळलं. मेहुणीनं फोन लावला. "आभाळात एक ढग दाखवा, जन्मभर तुमच्या हातची खिचडी खाईन."

"ढग तिथे नाहीच, वरच्या डोंगरात आहे. गाडी मागे घ्या."

मी फोन हिसकावला. "साडूभाऊ, तो बाजार विसरलात वाटतं."

"नाही विसरलो. म्हणूनच दोनदा बघितलं."

नंतर कळलं, मोठ्या साहेबांनीही त्यांना विचारलं होतं, "पक्का है?" साडूभाऊ म्हणाले होते, "पक्का तो पानी आने के बाद होगा, साहब. तब तक बंद रखिए."

चिडून आम्ही तिथेच झाडाखाली बसलो. तासाभरानं आधी आवाज आला, मग गढूळ पाणी, मुळासकट उपटलेल्या केळी घेऊन. बांबू गेला, रपटा दिसेनासा झाला. ऊन तसंच होतं. नातू माझ्या कडेवर झोपला होता. गाडी मागे वळवून आम्ही बुऱ्हाणपुरातल्या लालबागला घरी आलो.

संध्याकाळी साडूभाऊ आले. आल्या आल्या म्हणाले, "बट्टी वाया गेली ना, सॉरी." मी नातवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. फार काही बोलायचं होतं. पण इतकी वर्षं मी त्यांच्याशी थट्टेशिवाय बोललोच नव्हतो. शेवटी म्हणालो, "पिठलं टाकलंय. जेवूनच जा."