ते छप्पर मग कोणी बसवलं?

आमच्या उपासनेत तो अध्याय वाचायला निघाला, की मामी आधी मामाची बाही घट्ट धरायची. अध्याय असा. येशू एका घरात शिकवत बसला आहे. दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघेजण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून वर चढतात, सरळ छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. येशू त्यांचा विश्वास बघतो, त्या माणसाला क्षमा करतो, उठवतो. तो बाज उचलून घरी चालू लागतो. जमलेली सगळी माणसं देवाचं गौरव करतात.

सगळी, माझा मामा सोडून.

"आणि ते छप्पर?" मामा हळूच विचारायचा. हळूच म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतपतच.

मामाचा धंदाच छपरांचा. पत्रे, कौलं, पन्हळी, डांबर आणि गळती. त्यातली गळती त्याच्या नावालाच चिकटली होती. वस्तीत कोणालाही 'गळतीमामा कुठे राहतो' विचारलंत तर लोक बोटाने दाखवत नसत, मानेने वर दाखवत. कारण तो कोणाच्या ना कोणाच्या छपरावरच असायचा. दुसऱ्याची घरं कोरडी ठेवण्यात जन्म गेलेल्या या माणसाला त्या गोष्टीत ना येशूचा चमत्कार दिसायचा, ना चौघांचा विश्वास. दिसायचं ते भलंमोठं भगदाड.

"ज्याचं घर, त्याला कोणी विचारलं का रे?" उपासनेतून परतताना तो माझ्यावर डाफरायचा, जणू मीच त्या चौघांतला एक. "बिचाऱ्याने पाहुणे घेतले, बसायला जागा दिली, आणि बक्षीस काय? डोक्यावर ढेकळं! चौघांचा विश्वास लिहिला. यजमानाचं नुकसान?"

हा प्रश्न त्याने आलेल्या प्रत्येक पाळकसाहेबांना विचारला. पहिले म्हणाले, विश्वास मोठा, छप्पर लहान. "तुमच्या घरावरचं नाही ना," मामा म्हणाला. दुसरे म्हणाले, छप्पर हे मनुष्याच्या अहंकाराचं प्रतीक आहे. "प्रतीक गळतं का?" मामाने विचारलं आणि ते साहेब पुढच्या घरी चहाला गेले. सध्याचे तरुण पाळकसाहेब प्रामाणिक निघाले. म्हणाले, "मामा, मला माहीत नाही. तसं काही लिहिलेलं नाही." यावर मामा सगळ्यात जास्त चिडला. न पटणारं उत्तर त्याला चालायचं, भांडता तरी येतं. 'माहीत नाही'शी भांडणार कसं?

मामीचं याच्या अगदी उलट. तिला प्रत्येक गोष्टीत बोध सापडायचा. दूध उतू गेलं की बायबलातल्या त्या तेल विसरलेल्या कुमारींचा बोध. कुकरची शिट्टी होईना की ईयोबाच्या धीराचा. मामा जेवताना म्हणायचा, "अगं, आमटीत मीठ नाही." ती शांतपणे म्हणायची, "तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात ना? मग?" मामा डबी घेऊन स्वतःच्या हाताने मीठ घालायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "भाच्या, लग्न करताना मुलीला शास्त्र किती पाठ आहे ते आधी विचार."

मामाचा स्वतःचा बोध आयुष्यात एकच, तोही छपरावर मिळालेला. खाली ठिपका पडतो तिथे वर भोक नसतं. पाणी शिरतं एकीकडून, पत्र्याच्या पोटाखालून सरकत जातं आणि टपकतं भलतीकडेच. ठिपक्याच्या वर डांबर थापणारा कारागीर मामाच्या लेखी चोराहून वाईट.

आता मुख्य दुखणं सांगतो. अख्ख्या वस्तीची गळती काढणाऱ्या मामाच्या स्वतःच्या घरात गळती होती. घर म्हणजे खाली त्याचा पत्र्यांचा कारखाना, वर एक लांबट खोली, मधे लोखंडी चक्री जिना. "या आठवड्यात बघतो," मामा म्हणायचा. मामीने गळतीखाली बादली ठेवली होती आणि आठवडे बदलत राहिले. लोकांना तर पर्वणीच. "मामा, घरी पोहायला कधी येऊ?" असं न्हावीसुद्धा विचारायचा.

मग एका सकाळी मामीने ती भरलेली बादली उचलली आणि तिथेच खाली बसली. मणका सरकला होता. डॉक्टर घरी आले. गादी काढून फळी टाकली. म्हणाले, महिनोन् महिने आडवं पडायचं. वाकायचं नाही, बसायचं नाही, जिन्याचं नाव काढायचं नाही.

मामा त्याच दिवशी वर चढला. रागारागाने सगळे पत्रे सोडवले, वॉशर बदलले, जोड नव्याने बसवले. घर असं कोरडं झालं की पाली घर सोडून गेल्या. त्यानंतर त्या छपराला तो कोणाला हात लावू देईना. कावळा बसला तरी खडा मारायचा. बादली मात्र कुठे गेली ते कोणी विचारलं नाही.

मामी फळीवर पडून छपराकडे बघत राहिली. आणि नात झाली.

लेक आणि जावई लांबून आले. बाप्तिस्मा रविवारी ठरला, कारण सोमवारी जावयाची सुट्टी संपत होती. मामीने पडल्यापडल्या, हात वर धरून, नातीचा पांढरा झगा शिवला होता. तिचं एकच म्हणणं. मी तिथे असणार.

पाळकसाहेब घरी आले. "मामी, अगदी सोपं आहे. बाप्तिस्मा इथेच करू."

"बाप्तिस्मा मंडळीसमोर होतो," मामी म्हणाली, "पलंगासमोर नाही."

"माझी मंडळी इथे झोपली आहे," मामा कोपऱ्यातून गुरगुरला. जुन्या पद्धतीने तो बायकोला मंडळी म्हणायचा, त्यामुळे आमच्याकडे चर्चची मंडळी आणि मामाची मंडळी यांत नेहमी घोळ व्हायचा. "तुमची मंडळी आणा की इकडे."

"खोलीत मावणार नाही, मामा."

"तेच म्हणतोय! मावत नसलं की लोक छप्पर फोडतात!"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फळीला घट्ट बांधून, आडवी, एकदाही न वाकवता नेणार असाल तर थोड्या वेळापुरती न्या. म्हणून शनिवारी आम्ही रिकामी फळी जिन्यावरून उतरवून पाहिली. आम्ही चौघे: पाळकसाहेब, जावई, मी आणि चर्चमध्ये पेटी वाजवणारे पेटीवाले. दुसऱ्या वळणावर फळी अडकली. तिच्याखाली पेटीवालेही अडकले.

"उचला!" ते ओरडले.

"कुठे उचलू? वर जिना आहे!"

"मग खाली करा!"

"खाली तुम्ही आहात!"

मामा वरून बघत होता. "वा! यांनी त्या माणसाला नेलं असतं तर तो अजून तिथेच असता."

फळी निघाली, पेटीवाले निघाले, खिडकी मोजून झाली. तिला गज, आणि गज कापले तरी तिच्यातून फक्त फळीच गेली असती, मामी नाही. सगळे घाम पुसत बसले. लेक रडवेली झाली. तेव्हा मामी, जी इतका वेळ वर बघत होती, हळूच म्हणाली, "त्या कडेचे दोन पत्रे काढले तर?"

त्या बाजूला छप्पर उतरतं येत येत पार कमरेएवढं खाली येतं, आणि त्याला लागूनच शेजारच्या गोदामाची सपाट गच्ची. गोदामाला पोती चढवण्याचा सरळ, ऐसपैस जिना. आमच्या सगळ्यांच्या ते एकदम डोक्यात आलं आणि सगळ्यांनी एकदम मामाकडे पाहिलं.

"नाही," मामा म्हणाला.

"अहो, दोनच पत्रे."

"नाही म्हणजे नाही! सगळ्या घरात एकच काम मी धड केलंय. ते पण उसकटा! चौघे जमलाच आहात!" त्याचा आवाज चिरकला. "आणि परत तसंच बसेल याची खात्री कोण देणार? परत गळलं म्हणजे? परत हिने..."

जावई जमिनीकडे बघायला लागला. पाळकसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं.

मामी म्हणाली, "अहो, ठिपका पत्र्यांवर पडतोय. भोक कुठे आहे ते मला माहीत आहे."

मामाने मान दुसरीकडे वळवली.

"बादली मी उचलली होती. मला कोणी उचल म्हणालं नव्हतं. तुम्हाला हाक मारली असती तर तुम्ही आला असता. मला घाई होती. झालं?"

"बादलीचं नाव काढू नकोस."

"नाही काढत. पत्रे काढा."

मामा ताडताड जिना उतरून खाली गेला. खालून अशी आदळआपट ऐकू येऊ लागली की लेक म्हणाली, "बाबा घर सोडून चालले बहुतेक." थोड्या वेळाने तो वर आला तो हातात पाना आणि तेलाची बुधली घेऊन.

"उद्या सकाळी सोडवतो. मी सोडवणार. फोडायचं नाही, ओढायचं नाही. आणि कोणी पत्र्याच्या मधोमध पाय दिला, तर मग तो पाळक असो की जावई, बघत नाही."

रविवारी सकाळी मामाने एकेक नट तेल देऊन, कान देऊन सोडवला. पत्रे अलगद गच्चीवर ठेवले. खोलीत आयतं चौकोनी आभाळ आलं. मामीला चादरींनी फळीशी बांधलं आणि चौघांनी चार कोपरे धरले.

"पाळकसाहेब, झगा आवरा, बोल्टात अडकेल. पेटीवाले, डावी बाजू खाली. अहो, तुमची डावी नाही, माझी! जावईबापू, सासू आहे ती, पोतं नाही. भाच्या, तू दात काढू नकोस, धर!"

मामी वर गेली. इतक्या दिवसांनी उघडं आभाळ तिच्या तोंडावर आलं. आता ती एखादं स्तोत्र म्हणणार म्हणून आम्ही सगळे थबकलो. ती सणसणीत शिंकली.

"हलू नकोस!" मामा ओरडला. त्याचा चेहरा पत्र्यासारखा पांढरा पडला होता. गच्ची, जिना, रस्ता, चर्चचं दार, सगळीकडे तो फळीपुढे उलटा चालत होता, दोन्ही हात पुढे करून, जणू पडलीच तर झेलणार.

बाप्तिस्मा झाला. मामी पहिल्या बाकापुढे आडवी, शेजारी नात. पाणी डोक्यावर पडताच नातीने जो टाहो फोडला, त्यात पेटी बुडाली. मामी रडत होती आणि चादरीत हात बांधलेले असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. ते मामाने पुसले, आपल्या कळकट रुमालाने. मग तो वर बघत बसला. मला वाटलं प्रार्थना करतोय. त्याने मला कोपर मारलं. "तिसऱ्या वाशाजवळ ओल आहे बघ. भोक बहुतेक घंटेकडे असणार."

त्याच वाटेने आम्ही मामीला घरी आणली, गच्चीवरून आत उतरवली. सगळ्यांनी मामाच्या पाठीवर थाप मारली. पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "मामा, आज मोठा बोध झाला." आणि सगळे, लेक-जावयासकट, चर्चच्या अंगणात जेवायला गेले. तिथे पंगत मांडलेली होती.

राहिलो आम्ही तिघं. खाली फळीवर मामी, गच्चीवर नटांचा डबा धरून मी, आणि भगदाडात अर्धा आत, अर्धा बाहेर मामा. ऊन मी म्हणत होतं. पत्रा तापून हात भाजत होता. भोकाला भोक जुळेना. अंगणातून हसण्याचे, ताटांचे आवाज येत होते.

"ऐक," मामा म्हणाला. "सगळे तिकडे. एकाला तरी आठवलं का की छप्पर उघडं आहे?" त्याने पाना आपटला आणि एकदम थांबला. "अरे, आत्ता कळलं!"

"काय कळलं?"

"ते छपराचं पुढे का लिहिलं नाही ते. लिहिणारा जेवायला गेला होता!"

खालून मामी हसली. "हसवू नका हो, मणका दुखतो." मग जराशाने म्हणाली, "त्या घरातही बाई असेल. ती थांबली असेल. खालून नट पुरवले असतील तिने."

"तेव्हा नट नव्हते. माती आणि काटक्या होत्या."

"मग माती कालवून दिली असेल."

कितीतरी वर्षांनी मामाकडे भांडायला मुद्दा नव्हता आणि त्यामुळे तो आणखीच वैतागलेला दिसत होता. एकेक नट चढत गेला. दुसरा पत्रा बसला. चौकोनी आभाळाची फट झाली, फटीची रेघ झाली. शेवटचा नट पाऊण आवळून झाला असेल, तोच आतून मामीचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे."

मामाचा हात थांबला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता."

"मग आता काय मी नाचतोय?"

तो पत्र्यावर तसाच बसून राहिला, पाना मांडीवर घेऊन. मी डबा बंद करू की नको, मला कळेना. मग त्याने आवळलेला नट उलटा फिरवायला सुरुवात केली.

"भाच्या, खाली उतर. दारामागे खोक्यात मोठ्या बिजागऱ्या आहेत, त्या आण. कडीपण आण."

"छपराला?"

"मग काय दर रविवारी नट मोजत बसू?" मामा खेकसला. "दार उघडायचं तर पावसाच्या बाजूचे सगळे जोड उलटे लावावे लागणार आता. गळणार ते गळणारच. आण लवकर, हात भाजतोय. आणि कडी बाहेरून वाजेल अशी बघ. ते चौघे परत आले तर निदान ठोकतील तरी."