शुक्रवारी न दिलेलं पेन

मिरियमने एक पांढरा कोट खळीतून काढून पिळला, दुसरा बादलीत बुडवला, तेवढ्यात तिचे यजमान बेंजामिन पेणहून परतले. चपला न काढताच म्हणाले, "राहू दे ते. आता वर्गावर जायचं नाय मला."

रोह्यात खाली लॅब, वर घर. या भागात रक्त तपासायला मुंबई गाठावी लागे, तेव्हापासून बेंजामिन डॉक्टर इथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा वाचत बसलेले. सहा वर्षं डॉक्टरांच्या मंडळाचे अध्यक्ष. पेणला लॅब-टेक्निशियनचा वर्ग त्यांनीच काढला. फळ्यावर रंगीत खडूंनी पेशी अशा काढायचे की मुली म्हणत, "सर, आज पुसू नका." सणाला पेटी घेऊन ज्यूंच्या मोशे प्रेषिताचं कीर्तन लावलं की मिठागरावरची माणसंही येऊन बसत.

आज मंडळाने अध्यक्षपण आणि वर्ग, दोन्ही हितेशला दिलं. हितेशला काच वाचायला यांनीच शिकवलेलं.

"कोण काय बोललं?" मिरियमने विचारलं.

"चहा झाला, बिस्किटं झाली. मग हितेशने कागद फिरवला. नाथाच्या रिपोर्टवर तारीख रविवारची. म्हणाला, सर त्याआधी काही बोललेच नाहीत."

खांब गावचा नाथा धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. हिरड्यांतलं रक्त थांबेना म्हणून हितेशच्या दवाखान्यात दाखल झाला. त्याची काच आली शुक्रवारी, दिवस कलताना. बेंजामिन ती वाचून धावत वर आले आणि म्हणाले, "पेन दे." पण शब्बाथचा दिवा लागला होता. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ या विश्रांतीच्या दिवशी लिहायचं नाही, म्हणून दिवा लावण्याआधी घरातली सगळी पेनं कपाटात कोंडायची, हा मिरियमचा माहेरचा नेम.

"शब्बाथ लागला," ती म्हणाली. "तोंडाने सांगा की."

हितेश दारातच उभा होता. बेंजामिनने त्याला सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर आहे. आत्ता मुंबईला हलव." तो "व्हय सर" म्हणून गेला आणि कागदाची वाट बघत बसला. नाथा मुंबईला पोचला असं धरून बेंजामिनने कागद लिहिला रविवारी सकाळी. दुपारी नाथा गेला.

"मी सांगते मंडळाला," मिरियम म्हणाली. "मी ऐकलंय सगळं."

"काय सांगशील? 'पेन मी दिलं नाय' म्हणून?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "जीव जात असेल तर शब्बाथ मोडावा, हे तुझ्या बापानेच शिकवलं मला."

"मग कपाट का नाही फोडलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वा. म्हणजे नाथा माझं मन राखायला मेला."

खिशातली वर्गाची किल्ली बेंजामिनने टेबलावर ठेवली. हितेशला द्यायची ती चुकून बरोबर आली होती.

परवा बाजारात नाथाची आई गोदूबाई भेटली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "शनवारी तुमचा देव झोपतो म्हनं गो. माझा पोर त्यापायी मेला." मिरियम तेव्हा भाजीची पिशवी सावरत घरी आली होती. देवापुढे रोज उभी राहते ती, पण देवावर आलेला आळ तिने तसाच राहू दिला होता.

तिने हात पुसले, लुगडं बदललं. कोलाडची गाडी धरून खांबला जायचं होतं, गोदूबाईला सांगायला, की डॉक्टरांनी पेन मागितलं होतं आणि आपण दिलं नाही.