करीमचाचांच्या साईटवरची दुसरी प्रोसेस

या ग्रुपवरच्या अनुभवांखाली आजवर मी हसण्याचे इमोजीच टाकलेत. भूतबीत डोक्यात कधी शिरलंच नाही... आता मीच लिहितोय, तर तुम्हीही हसा. मला चालेल.

नाशिकला भद्रकालीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी करीमचाचांचं कल्हईचं दुकान. त्यांची वेबसाईट मीच हौसेनं बनवली होती. पान उघडलं की त्यांचीच आरोळी ऐकू यायची — ‘कल्हईऽऽ, भांड्यांना कल्हईऽऽ’. मागच्या वर्षी चाचा गेले. उरलेली तांब्याची भांडी विकायला साईट हवी होती, पण एका छोट्याशा सर्व्हरवर बसवायची म्हणून मी तिची पार छाटणी केली. कंटेनर म्हणजे सर्व्हरवरचा एक बंद डबाच समजा. त्यात एकच प्रोसेस, म्हणजे एकच चालू प्रोग्रॅम ठेवला, पान दाखवणाऱ्या वेबसर्व्हरचा. दुसरं काही सुरू होण्याची सोयच नाही. आरोळीची फाईलही उडवली. त्यांच्या बायकोला, सलमाचाचींना विचारलंसुद्धा नाही.

पुढे एकदा दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. चाचींनी मोबाईलवर साईट उघडली आणि उठून चहाचं आधण ठेवलं. मोबाईलमधून चाचांचा आवाज आला. आरोळी नाही... घरातला, दमलेला आवाज.

‘चाय रखो, आया मैं.’

हे मी कधी रेकॉर्डच केलं नव्हतं.

‘रोज बोलतात,’ चाची म्हणाल्या. ‘तूच टाकलं ना, बेटा? अल्लाह तुला खूश ठेवो.’

माझ्या मोबाईलवर उघडून पाहिलं — तेच. घाईघाईनं लॅपटॉप काढला. पानाच्या कोडमध्ये आवाज कुठेच जोडलेला नाही, डब्यात फाईल नाही. पण प्रोसेस दोन होत्या. दुसरीला नावच नव्हतं. कुणीतरी साईट हॅक केलीय, एवढंच मला सुचलं. आणि खरं सांगतो, चाचींपुढे हुशारी दाखवायची खुमखुमीही होती. ‘थांबा चाची, आत्ता काढतो त्याला,’ म्हणालो आणि ती प्रोसेस किल केली, म्हणजे जबरदस्तीनं बंद पाडली. तेवढ्यात चाचींनी पान पुन्हा उघडलं होतं. आवाज ‘आया—’वरच तुटला.

त्यांनी दोन-तीनदा उघडून पाहिलं. मग गॅस बंद केला.

त्यानंतर तोच कंटेनर जसाच्या तसा कितीदा लावून पाहिला, ऑफिसातल्या सीनियरना दाखवला. दुसरी प्रोसेस काही आली नाही. शेवटी जुनी आरोळी परत टाकली आणि मोठ्या तोंडानं ऐकवायला गेलो. चाचींनी शेवटपर्यंत ऐकली.

‘छान आहे,’ म्हणाल्या. ‘पण यात ते गिऱ्हाइकांना बोलावतात, बेटा.’

ती प्रोसेस काय होती, मला आजही सांगता येत नाही. साईटवर आता कुणी फिरकत नाही. फक्त रोज दुपारी कुणीतरी एकजण पान उघडतं आणि लगेच बंद करतं, एवढं मला इथे बसून सर्व्हरच्या नोंदींत दिसतं. ते बघायचीसुद्धा लाज वाटते.