आप्पांची पिशवी आणि माझा दारवान

आता काय सांगू तुम्हाला! ही फजिती मीच सांगते. नाहीतर आप्पा संकेश्वरभर सांगतील, तेही मीठमसाला लावून!

आप्पा माझे चुलते, गावच्या ऊस उत्पादक संघाचे कारकून. दरवर्षी गावाच्या सगळ्या ऊसनोंदींच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून एकटेच कारखान्यावर जायचे. मी बेळगावात कॉम्प्युटर शिकलेली. हे बघून माझं डोकंच फिरायचं!

म्हणून मी जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत नोंदणीचा प्रोग्रॅम लिहिला. आत सर्व्हर, त्याच्या पुढं दारवानासारखा प्रॉक्सी. येणाऱ्यानं आधी त्याला भेटायचं, तोच आत निरोप देणार. वर कडक नियम: एका पत्त्यावरून, म्हणजे एका मोबाईलवरून, पाचदा पासवर्ड चुकला की दार तासभर बंद!

नोंदणीचा शेवटचा दिवस होता. दुपारी दोननंतर नोंद नाही, म्हणजे तोडणीला पाळी नाही. लोक घरूनच मोबाईलवर नोंद करत होते.

"आप्पा, पिशवी आता भाजीला वापरा!" मी म्हणाले.

बाराला फोन सुरू झाले.

"आक्का, दार बंद म्हणतंय गं!"

"पाचदा चुकला असशील!"

"एकदाच चुकलो की!"

दुसरे एक काका तर म्हणाले, "पोरी, मी अजून पासवर्ड टाकलाच न्हाय!"

"काका, आधी चष्मा लावा!"

होय, असं म्हणाले मी. वडीलधाऱ्या माणसाला!

आप्पा शांतपणे चहा पीत होते. "तुझा दारवान आत जाऊन काय सांगतोय गं? कोण आलंय म्हणून?"

"सांगतोय की..." म्हणत मी सर्व्हरची नोंदवही उघडली. बघते तर प्रत्येक ओळीत एकच पत्ता. दारवानाचा! पाच जणांचा पासवर्ड एकेकदा चुकला होता आणि सर्व्हरला वाटलं, एकच येडा पाचदा चुकला. झालं, अख्ख्या गावाला दार बंद!

आप्पांनी पिशवीतली जुनी चिठ्ठी काढली. वर ठळक नाव.

"मी बी एकटाच जात होतो. पण चिठ्ठीवर ज्याचं त्याचं नाव असायचं. तुझ्या चिठ्ठीवर नाव न्हाय व्हय?"

मी लगेच सेटिंग बदललं. दारवानानं येणाऱ्याचा खरा पत्ता निरोपावर लिहायचा, सर्व्हरनं तो वाचायचा. दोन ओळींचं काम! सर्व्हर पुन्हा चालू केला, जुनी बंदी पुसली गेली आणि भराभर नोंदी आल्या.

दोनला दहा मिनिटं. राहिलं कोण? माझेच बाबा! त्यांची नोंद करायला मी माझा मोबाईल काढला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. मोजत बसू नका, पाच झाले!

दार बंद.

आप्पांनी चष्मा लावला आणि आपल्या मोबाईलवर, एका बोटानं, पहिल्याच फटक्यात बाबांची नोंद केली. मग माझ्या खांद्यावरून पडद्यावर वाकले. बंद केलेल्यांच्या यादीत एकच पत्ता होता. माझा.

"आता कसं!" आप्पा म्हणाले. "चिठ्ठीवर नाव बरोबर आलंय बघ."