हेड जुळवणाऱ्या बाई

बाई आधी तळहात ठेवायच्या. फ्लॉपी ड्राइव्ह सुरू केला की त्याच्या पत्र्यावर, लेकराला ताप आहे का बघावं तसा हात ठेवायचा, मान थोडी कलती करायची आणि आतली घरघर ऐकत राहायचं. आपण काही सांगायला गेलो, की डोळे न उघडताच म्हणायच्या, "आधी त्याचं ऐकून घे. मग तुझं सांग."

नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका फर्ममध्ये मी नवीन लागलो होतो, तेव्हा बाई तिथं जुन्या झालेल्या होत्या. मूळच्या चाकूरकडच्या. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, त्यामुळे पाना-पक्कड लहानपणापासून हाताखालची. नांदेड-लातूरकडच्या कचेऱ्यांमध्ये तेव्हा दुरुस्तीला बाई आलेली बघितली, की लोक तिच्या मागं बघायचे, इंजिनियर अजून यायचाय असं समजून. बाई पिशवी टेबलावर ठेवून म्हणायच्या, "मागं कुणी न्हाई. मीच हाय."

ज्यांनी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळी, चौकोनी, हातात धरली की पापडासारखी लवणारी. तिच्या आत एक गोल चकती, आणि चकतीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोल गोल वाटा. ड्राइव्हमधलं हेड त्या वाटेवर उभं राहून लिहितं आणि वाचतं. वापरून वापरून हे हेड केसभर सरकतं. मग ते वाटेच्या कडेनं लिहायला लागतं. स्वतःचं लिहिलेलं स्वतः झकास वाचतं, पण दुसऱ्या ड्राइव्हला ते दिसतच नाही. तो म्हणतो, फ्लॉपी कोरी आहे.

कंधारच्या एका कचेरीचं असंच झालं होतं. तिथल्या फ्लॉप्या नांदेडच्या मशीनवर उघडत नव्हत्या, आणि दोन्हीकडचे साहेब फोनवर एकमेकांवर गरजत होते. कंधारचे म्हणत, तुमचं मशीन बिघडलं. नांदेडचे म्हणत, तुम्ही कोरी फ्लॉपी पाठवता. बाईंनी दोन्ही ड्राइव्ह एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले, दोघांचं ऐकलं आणि म्हणाल्या, "दोघंबी खरं बोलायलेत. फक्त एकमेकाला दिसंना झालेत."

मग त्यांनी जपून ठेवलेली नमुन्याची फ्लॉपी काढली. तिच्यावरच्या वाटा अगदी नेमक्या. ती ड्राइव्हमध्ये घातली, की स्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, हिरव्या पडद्यावर मांजराच्या डोळ्यांसारखे दोन फुगवटे उमटायचे. हेड सरकलेलं असलं, की एक डोळा मोठा, एक बारीक. बाई आतला स्क्रू ढिला करून हेड हळूच ढकलायच्या. दोन्ही डोळे सारखे झाले, की स्क्रू आवळायचा आणि चहा मागवायचा. त्याआधी चहा पिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

असा जुळवलेला ड्राइव्ह बाई एसटीत मांडीवर टॉवेलात गुंडाळून न्यायच्या, धक्का लागू नये म्हणून. एकदा कंडक्टरनं विचारलं, "ताई, लेकराचं वय काय?" बाई गंभीरपणे म्हणाल्या, "दूधपितं हाय. तिकीट लागत न्हाई." कंडक्टरनं मान डोलावली आणि शेजारच्या माणसाला खिडकी लावायला सांगितली, बाळाला वारं लागेल म्हणून.

पुढं फ्लॉप्या गेल्या, ती फर्मही गेली. मी लातूरला छपाईचं दुकान टाकलं. बाईही लातुरातच लहान बहिणीजवळ राहायला आल्या. अधूनमधून भेट व्हायची. अलीकडे चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या. हात कापायला लागले होते.

तर एक दिवस माझ्या दुकानात अहमदपूरजवळच्या एका गावची मंडळी आली. जत्रेत नाटक बसवायचं होतं, त्याचं पोस्टर हवं होतं. बरोबर नाटकाचे लेखक होते, निवृत्त झालेले गुरुजी. गावात पहिला टेलिफोन येतो आणि सगळं गाव येडं होतं, असं ते नाटक. ऐन तारुण्यात या मंडळींनी ते गाजवलं होतं, आणि आता पिकल्या केसांनी त्याच भूमिकांत पुन्हा करायचं होतं.

"तारीख कोणती टाकू?" मी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "तारीख हाय. नाटकच न्हाई."

हातानं लिहिलेली वही वाळवीनं खाल्लेली. नटांना तेव्हा फक्त आपापल्या वाक्यांचे कागद मिळाले होते, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचं तेवढं पाठ. खलनायकाचं काम करणारा माणूस वारला होता आणि त्याच्याबरोबर निम्मं नाटक गेलं होतं. त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहणार होता, चाळिशीचा, खांद्यानं दणकट, स्वभावानं लाजरा. त्यातून भांडण वेगळंच. नाटकात एक वाक्य होतं, "त्याला म्हणावं, मी आताच मेलोय, उद्या फोन कर!" या वाक्याला म्हणे सगळं गाव लोळायचं. आणि चौघेजण शपथेवर सांगत होते, की ते वाक्य माझंच.

गुरुजींनी पिशवीतून फ्लॉपी काढली. वही शाबूत होती तेव्हा अहमदपूरच्या एका टायपिंग सेंटरात नाटक टाइप करून घेतलं होतं. ते सेंटर बंद पडलं, मशीन भंगारात गेलं. लातुरात दोन-तीन ठिकाणी फ्लॉपी दाखवली, तर सगळे म्हणाले कोरी आहे.

मी त्या सगळ्यांना घेऊन थेट बाईंच्या घरी गेलो.

बाईंनी जुनं मशीन सुरू केलं. त्यांच्याजवळ एकच ड्राइव्ह उरला होता, नोकरीच्या शेवटच्या वर्षी जुळवलेला, दोन्ही डोळे तंतोतंत सारखे. फ्लॉपी घातली, पत्र्यावर हात ठेवला. "कोरी न्हाई," त्या म्हणाल्या. "हिच्यावर लई कायकाय हाय. पण वाटेच्या कडंनं लिवलंय. त्या सेंटरचं हेड वाकडं हुतं."

"मग?"

"मग हे बी तेवढंच वाकडं करावं लागंल."

सरळ ड्राइव्ह मुद्दाम बिघडवायचा! बाई आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "अन् एकदा हालवलं, की परत जागेवर आणायला आता हे हात न्हाईत."

गुरुजी उठलेच. "नगं मग बाई. आमचं कसंबी निभंल. तुमची आयुष्यभराची चीज हाय."

"बसा," बाई म्हणाल्या. "नाटकात हसू येतं का?"

"लई येतं."

"मंग स्क्रूड्रायव्हर द्या तो."

हात कापत होता. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. बाईंनी खलनायकाच्या मुलाला जवळ बोलावलं. "माझं मनगट धर. दाबू नको. नुसतं धर." त्या दांडग्या हातात बाईंचं मनगट विसावलं आणि थरथर थांबली. ड्राइव्हला जोडलेल्या जुन्या स्कोपवरची हिरवी रेघ बारीक होती. बाई हेड ढकलत गेल्या, रेघ फुगत गेली, एकदम पडली, पुन्हा फुगली. "हां. हितं. हलू नको रे, श्वास घे पण हलू नको."

स्क्रू आवळला. ड्राइव्ह कुरकुरला आणि मशीनच्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. नुसता गिचमिडाट! गुरुजींचा चेहरा उतरला. पण हा माझ्या धंद्यातला प्रकार होता. वायर जोडून फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली, दुकानात नेली, तेव्हाचा जुना मराठी फॉन्ट लावला, आणि गिचमिडाटातून टेलिफोनची पहिली घंटा वाजली.

मुलानं वडिलांचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. मग दुसरं. पुढं लाजणं विसरून उभाच राहिला. आवाजही बदलला. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, "अगदी त्याचाच सूर रे."

आम्ही नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. ते भांडणाचं वाक्य त्यात कुठंच नव्हतं! चौघांपैकी एकाचंही नव्हतं. कुणीतरी ऐनवेळी फेकलेलं, टाळ्या घेऊन गेलेलं. गुरुजींनी पेन काढलं, ते वाक्य योग्य जागी लिहिलं आणि बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहिलं : सगळे.

बाईंना सांगितलं, तर पोट धरून हसल्या. ड्राइव्ह पुन्हा सरळ करून बघू का, मी विचारलं. "ऱ्हाऊ दे. आता त्याला एवढं एकच नाटक वाचता येतंय. बरं हाय की."

जत्रेतल्या प्रयोगाला बाई पुढच्या रांगेत होत्या. ते वाक्य आलं, तेव्हा स्टेजवरच्या मंडळींबरोबर सगळं मैदान ओरडलं, बाईसुद्धा.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. कळलं तेव्हा मी कामासाठी नांदेडला गेलो होतो. परतीच्या वाटेवर एकच आठवत राहिलं. प्रयोग संपल्यावर तो मुलगा रंगलेल्या तोंडानं धावत आला होता आणि बाईंच्या पायाशी वाकला होता. घामानं त्याची खोटी मिशी एका बाजूनं सुटून लोंबत होती. बाईंनी त्याला हनुवटीला धरून उठवलं, मिशी सरळ केली, आणि डिंक धरेपर्यंत कापरा अंगठा तिच्यावर दाबून तशाच उभ्या राहिल्या.