काजूच्या शेडमधली दुपारची झोप

काजूची टरफलं रोजच्या रोज उचलली नाहीत, तर दोन दिवसांत आमच्या शेडचं मागचं दार उघडेनासं होतं. किश्श्यांचंही तसंच झालंय. बारा वर्षं एका छपराखाली सोळा बायका काम करतायत, म्हटल्यावर दुसरं काय होणार? एक सांगायला घ्यावा, तर मागून चार ढकलत पुढे येतात. म्हणून आज फक्त झोपेचे सांगते.

रत्नागिरी शहराबाहेर आमची काजू फॅक्टरी आहे. मी ग्रेडिंगला असते. म्हणजे अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. सकाळपासून मान खाली. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की डबा दहा मिनिटांत संपतो आणि उरलेल्या वेळात आम्ही रिकाम्या गोणी अंथरून आडव्या होतो. तोंडावर पदर नाहीतर ओढणी घेतली, की जग संपलं! घंटा वाजली की उठून पुन्हा टेबलाशी. ही पद्धत कोणी सुरू केली, कोणालाच माहीत नाही.

आमच्यात सगळ्यात गाढ झोप वासंतीमावशींची. त्या साली काढायला बसतात आणि वयाने सगळ्यांत मोठ्या. गोणीला पाठ टेकायच्या आधीच त्यांचं घोरणं सुरू होतं.

एकदा बियांचा ट्रक भर दुपारी आला. ड्रायव्हर नवीन होता. दारातच थबकला आणि मला खुणेने बाहेर बोलावून म्हणाला, "ताई, जेवणाच्या सुट्टीत बॉयलर बंद ठेवतात ना? धोका असतो."

मी म्हटलं, "बॉयलर बंदच आहे. मावशी चालू आहेत!"

*

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन मॅनेजर आले, निकमसाहेब. कोल्हापूरकडचे. उंच, घाईचे, बोलणं मोठ्याने पण मनाने सरळ. पहिल्या दिवशी ते नेमके जेवणाच्या सुट्टीत पोचले. ऑफिसात कोणी दिसेना, म्हणून थेट शेडमध्ये आले.

समोर काय? सोळा बायका जमिनीवर ओळीने आडव्या. तोंडं झाकलेली. आवाज नाही. त्या दिवशी नेमक्या मावशी रजेवर होत्या, नाहीतर त्यांना लगेच कळलं असतं! हो, म्हणजे पंधराच होतो आम्ही.

साहेबांना वाटलं, बिया भाजताना कसला तरी धूर कोंडला आणि सगळ्या गेल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला, "बाहेर काढा! सगळ्यांना बाहेर काढा!" असं ओरडत धावत जाऊन धोक्याची घंटा बडवली. आम्ही दचकून उठलो, आग लागली म्हणून किंचाळत अंगणात पळालो. एकीच्या पायात चप्पल माझी, माझ्या पायात कोणाचीच नाही. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातली माणसं बादल्या घेऊन आली.

सगळं उलगडल्यावर साहेब घामाघूम होऊन पायरीवर बसले. नजमाभाभी आमच्या पॅकिंगच्या, तोंडाने फटकळ. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मेलो नव्हतो, जेवलो होतो!"

*

झालं! दुसऱ्याच दिवशी भिंतीवर सूचना लागली. "सुट्टीत झोपण्यास सक्त मनाई आहे."

वासंतीमावशींनी ती मला दोनदा वाचायला लावली. मग साहेबांना विचारायला गेल्या. "झोपायचं नाही, ते कळलं. आडवं पडलेलं चालेल ना?"

"आडवं पडलं की झोप लागतीच की ओ मावशी!"

खाली एक ओळ वाढली. "आडवे पडू नये."

मग आम्ही भिंतीला टेकून बसायला लागलो. बसल्या बसल्या मान एकीच्या खांद्यावर दुसरीची, तिच्या खांद्यावर तिसरीची. साहेबांनी पाहिलं आणि आणखी एक ओळ वाढली. "भिंतीस टेकू नये."

तेव्हा नजमाभाभी हात जोडून म्हणाल्या, "साहेब, आता एकदाच काय ते लिहा. पापणी किती वेळा मिटायची तेपण!"

आम्ही हसलो खरं, पण दुपारनंतर डोळ्यांपुढे पाकळी आणि तुकडा एकच दिसायला लागला. पाठ मोडून यायची. काहीजणी पहाटेची गाडी धरून आतल्या गावांतून येतात. त्याआधी घरातलं सगळं करून. त्यांचे तर हाल बघवत नव्हते.

*

शेवटी ठरलं, मालकांकडे जायचं. आमचे मालक भाऊशेठ जवळच राहतात. मावशी, नजमाभाभी आणि मी, आम्ही तिघी जेवणाच्या सुट्टीतच निघालो. वाटेत बोलणं पाठ केलं. आधी मावशी बोलणार, मग मी, आणि नजमाभाभींनी अजिबात बोलायचं नाही!

शेठाणींनी दार उघडलं. "काय गो, आज इकडे कुठे?"

"शेठना भेटायचं होतं. महत्त्वाचं आहे."

शेठाणी दार ओढून घेत हळूच म्हणाल्या, "मग जरा बसा हां ओटीवर. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. दुपारची झोप मोडली की दिवसभर चिडचिड करतात."

मावशींनी पदर तोंडात कोंबला. आणि नजमाभाभी, ज्यांनी बोलायचं नव्हतं, त्या म्हणाल्या, "नको नको, उठवू नका. झोपमोड काय असते, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे!"

शेठ उठून आले तेव्हा गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटलेली. आमचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण मॅनेजर ते आहेत ना! मी मध्ये कसा पडू?"

मावशी पायऱ्या उतरताना पुटपुटल्या, "आत्ता तर पडले होते."

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका दुपारी शेवंताचं झालं.

शेवंता कटिंगला आहे. नवरा मुंबईत हॉटेलात, घरी सासू अंथरुणाला खिळलेली, लहान मुलगी. ती कधी तक्रार करायची नाही. कटिंगचं काम म्हणजे पायाने पेडल, एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने बी दोन पात्यांच्या मधे धरायची. लक्ष एक क्षण हललं की संपलं. त्या दुपारी तिची मान खाली गेली आणि पाय पेडलवर पडला.

खट् आवाज झाला. पाठोपाठ तिची किंकाळी.

मी टेबल सोडून धावले. मशीनखाली रबरी हातमोज्याचं एक बोट तुटून पडलं होतं. शेवंता डावा हात छातीशी घट्ट दाबून डोळे मिटून उभी. हात दाखवायला तयारच नाही.

निकमसाहेब ऑफिसातून पळत आले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "ताई, मूठ उघडा. माझ्याकडं बघा. उघडा मूठ."

तिने हळूहळू मूठ उघडली. साहेबांनी मोजा काढला आणि तिची बोटं एकेक करून मोजली. आमच्यासमोर, मोठ्याने, बालवाडीत मोजतात तशी. पाचही होती! मोजा तिला मोठा होता, पात्यात नुसतं पुढचं रिकामं टोक आलं होतं. नखालाही धक्का नाही.

सगळ्या एकदम रडायला लागलो. शेवंताच मग आमची समजूत काढत होती. "अगो, आहे ना बोट, रडताय कशाला?"

साहेब तिथेच गोणीवर बसले. दिलेलं पाणी एका दमात प्यायले. मग म्हणाले, "आधीच्या कारखान्यात एक माणूस सुट्टीत ट्रकच्या सावलीला झोपला होता. ट्रक मागं आला. पाय वाचला त्याचा, पण ते वरडणं माझ्या कानातनं जात न्हाई. म्हणून मी झोपायला नको म्हणत होतो. तुम्हाला त्रास द्यायचा म्हणून न्हाई."

मग मावशी म्हणाल्या, "हे आधी सांगायचंत ना, साहेब. आम्ही बाहेर ट्रकपाशी कशाला झोपू? तिथे ऊन येतं."

साहेब हसले की रडले, नीट कळलं नाही. शेवंताला त्यांनी स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं आणि नवीन मोजे मागवले, प्रत्येकीच्या मापाचे.

*

तरी सूचना भिंतीवर होतीच. साहेबांना वाटत होतं, काढली आणि सरकारी तपासणीत कोणी झोपलेलं दिसलं, तर फॅक्टरीवर बालंट यायचं.

आणि आल्याच तपासणीला एक मॅडम. मशीनं बघितली, पंखे बघितले, संडास बघितले. मग भिंतीपाशी थांबून ती सूचना वाचली, तिन्ही ओळी. साहेबांच्या कपाळावर घाम.

त्यांनीच घसा खाकरून विचारलं, "मॅडम, सुट्टीत बायका झोपल्या, तर नियमात बसतं का ओ?"

मॅडम म्हणाल्या, "सुट्टीत तुम्ही त्यांच्याकडून काम घेता?"

"छे, छे! काम नाही."

"मग वेळ त्यांचा आहे. मशीनपासून लांब, गाड्यांच्या वाटेवर नाही, एवढं बघा. विश्रांती द्यायलाच हवी, असं कायदा सांगतो. विश्रांतीत डोळे उघडे ठेवा, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या काजूच्या साली उडाल्या! मॅडम फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांनी स्वतःच्या हाताने कागद उतरवला. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या हॉलची एक बाजू रिकामी झाली, चटया आल्या, पंखा आला. आणि साहेबांचा स्वभावच असा, की सूचनेशिवाय त्यांना राहवत नाही. नवीन लागली. "सुट्टीत झोपलेल्या कोणालाही उठवू नये."

त्या दुपारी मावशी अशा काही घोरल्या, की बर्फाच्या कारखान्यातून फोन आला.

*

आता यंदाचा. निकमसाहेबांची आई गावाहून आठवडाभर राहायला आली होती. भाट्याचा समुद्र बघून झाला, देवदर्शन झालं. निघायच्या दिवशी म्हणाल्या, "पोरगं काम करतंय ती जागा तरी बघू दे." साहेबांनी त्यांना पिशवीसकट आमच्या हवाली केलं आणि स्वतः शहरात बँकेच्या कामाला गेले. "दुपारच्या कोल्हापूर गाडीला बसवायचंय. मी रिक्षा घेऊन येतोच."

आत यायचं तर निळा एप्रन आणि टोपी पाहिजेच, हा नियम साहेबांचाच. आजींना दोन्ही घातलं. त्यांनी सगळी फॅक्टरी हिंडून बघितली, शेवंताच्या मशीनवर एक बी फोडून बघितली. मग आमच्यातच जेवल्या. नजमाभाभींच्या डब्यातली कोलंबी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर आम्ही चटया टाकल्या. मावशी म्हणाल्या, "आजी, पडा जरा." आजी पडल्या, पदर तोंडावर घेतला आणि मिनिटाभरात गाढ!

थोड्या वेळाने बाहेर रिक्षा थांबली. साहेब घाईघाईने आत आले आणि जागीच उभे राहिले. सतरा निळे एप्रन. सतरा झाकलेली तोंडं. उठवायची सोय नाही, डोक्यावरच भिंतीवर त्यांचीच सूचना!

मी जागी होते. ओढणीतून सगळं बघत होते, पण ओठ गच्च आवळून पडून राहिले.

साहेबांनी बूट दाराशी काढले आणि चवड्यांवर चालत पाय बघायला सुरुवात केली. पायांवरून काय कळणार? शेतात राबलेल्या आईच्या टाचांना भेगा, आमच्याही टाचांना भेगा. एप्रनखाली साड्यांच्या किनारी दिसत होत्या. पण आईने आज कुठली साडी नेसलीय, हे लक्षात ठेवणारा मुलगा मी अजून बघितलेला नाही. एका पायांपाशी थांबले, वाकून बघितलं, मान हलवून पुढे गेले. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. साहेबांनी दाराकडे धावत जाऊन त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि पुन्हा आत आले.

शेवटी हॉलच्या मधोमध उभे राहून, अगदी लहान मुलासारख्या आवाजात त्यांनी हाक मारली, "आई..."

"काय रे?" शेवंता झोपेतच म्हणाली.

"आले हां!" कोपऱ्यातून दुसरी.

"काय पायजे बाळा?" नजमाभाभी कुशीवर वळल्या.

मावशींचं घोरणं थांबलं. तोंडावरचा पदर जराही न हलवता त्या म्हणाल्या, "हळू बोल मेल्या! तुझी आई निजल्ये."