मावतंय की!

दोघांच्या बाकावर तिघं बसलेले असताना चौथ्यासाठी सरकणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे तात्या त्यातले. बारामतीहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.त मी, ते आणि कुणाचं तरी गाठोडं आधीच दाटीवाटीनं बसलेलं असायचं. तरी दारात कुणी घुटमळलं की तात्या अर्धी मांडी हवेत धरून हाक मारत, "या की हितं. मावतंय की!" मावत काही नसे. भिगवणला उतरेपर्यंत माझा खांदा खिडकीच्या गजात रुतलेला असे. तात्या पुढं पळसदेवला जायचे, बहुधा उभ्यानंच.

तात्या आमच्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड. शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचे डबे आम्ही बनवायचो. गावातल्या सगळ्या मोटारींचे निरोप एका मुख्य डब्यात येतात आणि तिथून ज्याच्या त्याच्या स्टार्टरला जातात. त्या डब्यातल्या चिपची मेमरी इतकी थोडी, की तुमच्या मोबाईलमधल्या एका फोटोचा कोपराही तिच्यात बसणार नाही. तात्यांना नेमका तिथंच हुरूप यायचा.

निरोपांसाठी त्यांनी जागा ठेवली होती एकच. आलेला निरोप तिथंच उघडायचा, तिथंच वाचायचा आणि उत्तरही त्याच्यावरच लिहून परत पाठवायचं. तेवढ्यात दुसरा आला तर त्यानं बाहेर थांबायचं. शिवाय प्रत्येक निरोप घड्या घालून इतका लहान केलेला, की तो उलगडता उलगडता चिपचा जीव जायचा. मेमरी वाचायची भरपूर. वेगाच्या नावानं मात्र बोंब.

तपासणीचं काम माझ्याकडं. मी घड्याळ लावून बसायची आणि दर वेळी भांडायची.

"तात्या, निरोपांना चार जागा द्या. चौघं एकदम आत येतील."

"आन् एकच आला तर? बाकीच्या तीन जागा काय माश्या मारणार का, ताई?"

"अहो, पण ताटकळतात ते!"

"ताटकळू द्या की. मोटारीला कुठं लग्नाला जायचंय?"

मालक खूश, कारण जुन्याच चिपवर सगळं भागत होतं. मी एकटी खडूस.

आणि एवढी कंजुषी करून वाचवलेल्या जागेत या गृहस्थांनी काय ठेवलं होतं, सांगा बघू? शीळ! त्यांचे थोरले भाऊ आबा बैलांना पाण्यावर न्यायचे तेव्हा एक शीळ घालायचे. बैल विकले गेले, शीळ तात्यांच्या डोक्यात राहिली. पळसदेवचा मुख्य डबा अर्थातच आबांच्या गोठ्याला लावलेला. गावात लाईट आली की डबा आबांची शीळ घालायचा आणि निम्म्या गावाला कळायचं. ही चैन कशाला, असं मी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, "मावतंय की!"

उन्हाळ्यात पळसदेवला उजनी धरणाचं पाणी मागं सरकतं आणि मोटारीच्या पायपाचं तोंड चिखलात उघडं पडतं. मग पाण्यात उतरून पाईप आत ढकलावा लागतो. पूर्वी माणूस आधी चढ चढून खांबापाशी जायचा, फ्यूजा काढायचा आणि मगच उतरायचा. आमचे डबे आले आणि तो चढ सुटला. मोबाईलवर 'बंद' दाबायचं, 'पाठवलं' अशी हिरवी खूण दिसली की खुशाल उतरायचं. मोटार बंद झाली की नाही, हे कोण बघतंय!

त्या दुपारी लाईट आली, शीळ वाजली आणि गावातली प्रत्येक मोटार एकदम सांगायला लागली, मी चालू झाले, मी चालू झाले. आबांनी 'बंद' दाबलं, हिरवी खूण पाहिली आणि पाण्यात पाय टाकला. त्यांचा निरोप सगळ्यांच्या मागं, बाहेर उभा होता. मोटार चालू होती, आणि वायरीचा जोड पाण्यात उघडा पडला होता. शेजारी जाळं टाकणाऱ्या माणसानं वाळक्या बांबूनं त्यांना बाजूला लोटलं म्हणून आबा जगले. उजव्या हाताची बोटं मात्र वळायची थांबली.

तात्या दवाखान्यातून थेट कामावर आले. त्यांनी कोड उघडला. 'बंद'साठी एक वेगळी जागा काढायची होती. तिथं दुसरा कुठलाही निरोप बसणार नाही, कुणी आलं नाही तरी ती रिकामीच राहील आणि त्या निरोपाला घडीही घालायची नाही. पण तेवढी जागा निघेना. दोनदा हिशेब मांडून तात्या म्हणाले, "न्हाय मावत."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी शीळ पुसली.

"घड्याळ लावा, ताई."

मी लावलं. गर्दी करून पाहिली, सगळ्या मोटारी एकदम बोलायला लावल्या. 'बंद' लगेच पोचला.

"जातोय का?"

"जातोय, तात्या."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसत बसले.

पुढं नवी चिप आली. मेमरी इतकी की काय ठेवावं हा प्रश्न. कंपनीतली पोरं तिच्यात वाट्टेल ते कोंबतात आणि कुणी विचारत नाही. तात्यांनी तोवर नोकरी सोडली होती. आबांचा हात चालत नाही, भाजीपाला बघायला कुणीतरी हवं. एस.टी.त आता मला ऐसपैस बसायला मिळतं. मेलं ते सुख! अजिबात सोसत नाही.

परवा नवा डबा बसवायला मीच पळसदेवला गेले. त्यात शीळ पुन्हा घालून घेतली होती, जागेला तोटा नव्हताच. डबा बसवून काठावर आले तर तात्या छातीइतक्या पाण्यात उभे राहून पाईप ढकलत होते आणि आबा काठावर बसले होते. मी मोठ्या कौतुकानं सांगायला लागले, "आबा, आता 'बंद' दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत..."

"व्हय व्हय. लई झ्याक केलंय तुमी," आबा म्हणाले. त्यांच्या सदऱ्याचा खिसा टम्म फुगला होता.

"आबा, तिन्ही फ्यूजा हायत न्हवं खिशात?" तात्या पाण्यातून ओरडले.

"मावल्यात की!"

तेवढ्यात लाईट आली. गोठ्याकडून शीळ ऐकू आली. तात्यांनी चमकून मान वर केली. आबांनी न वळणारी बोटं खिशावर दाबून धरली, आणि तात्या काठावर येईपर्यंत ती काढली नाहीत.